अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या वर आहे ना, मग मोरचुदात ढिम्म का बसलं?

कातरवेळ:
लेकीच्या शाळेच्या प्रयोगावरून घरात तीन दिवस तोच विषय चाललाय, शेवटी म्हटलं इथे विचारावं, केमिस्ट्रीवाले बरेच आहेत. तिला धातूंची क्रियाशीलता श्रेणी (जास्त क्रियाशील धातू वर, कमी क्रियाशील खाली अशी यादी) शिकवलीये आणि घरी विस्थापनाचा, म्हणजे वरचा धातू खालच्याला द्रावणातून हाकलतो त्याचा, साधा प्रयोग करून वहीत निरीक्षण लिहून न्यायचं होतं. चार काचेच्या ग्लासांत मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) निळं पाणी घेतलं, एकात लोखंडी खिळा, एकात जस्ताची पट्टी, एकात तांब्याची तार आणि चौथ्यात अ‍ॅल्युमिनियम फॉईलची घडी. जस्त बघता बघता काळं पडलं, खिळा पंधरा-वीस मिनिटांत तांबूस झाला, तांब्याच्या तारेला काही झालं नाही, ते होणारही नव्हतं. पण फॉईल? तासभर दोघी बसून होतो समोर. टाकली तशी चकचकीत. झोपायच्या आधी परत बघितलं तरी तशीच.

लेकीने वहीत जे दिसलं ते लिहिलं, "अ‍ॅल्युमिनियम: काही झालं नाही. का ते कळलं नाही." वही परत आली ती लाल शाईत, वाक्य खोडलेलं आणि शेजारी लिहिलेलं की अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा क्रियाशील आहे, त्यामुळे तांबे विस्थापित होते, निरीक्षण नीट करावे. पोर रडकुंडीला आली हो. रात्री परत केलं, परत तेच. श्रेणीत अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्याच काय, जस्ताच्याही वर आहे हे मलाही दिसतंय. मग चूक कुणाची, पुस्तकाची, फॉईलची की आमची?

ढगाळ:
फॉईलला एखादा प्लास्टिकचा थर असेल. किंवा मोरचूद फार पातळ झालं असेल.

परीक्षानळी:
कातरवेळ ताई, आधी लेकीला सांगा की तिचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे आणि ते वाक्य तिने खोडू नये. मी बरीच वर्षं हाच धडा शिकवलाय आणि ज्या मुलाच्या वहीत "काही झालं नाही" असं असायचं त्याने खरंच प्रयोग केलाय हे मला लगेच कळायचं.

आता कारण. फॉईल म्हणजे आपल्याला वाटतं नुसतं अ‍ॅल्युमिनियम, पण मोरचुदाच्या पाण्याला लागतं ते अ‍ॅल्युमिनियम नसतंच मुळी. हवेत उघडं पडल्या पडल्या त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो, फक्त काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्याला दिसतही नाही, पण इतका घट्ट आणि सलग की पाणी, हवा, तांब्याचे आयन (पाण्यात विरघळलेले विद्युतभारित कण) कुणालाच आत जाऊ देत नाही. लोखंडाचा गंज कसा पोपडे धरून सुटतो आणि खालचं लोखंड परत उघडं पडतं, तसं इथे होत नाही. म्हणजे तुमच्या ग्लासात निळ्या पाण्याची गाठ पडली ती ऑक्साइडशी. धातूपर्यंत ते पोचलंच नाही.

ते खरं की खोटं हे घरीच तपासता येईल. चौथ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका, ढवळा आणि फॉईलचा अगदी छोटा, नखाएवढा तुकडा टाका. मोठी घडी टाकू नका, ग्लास बराच तापतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतील, जवळ ज्योत नको, खिडकी उघडी ठेवा, हातात मोजे. काय दिसतं ते लेकीलाच लिहू दे, मी आधी सांगत नाही.

कातरवेळ:
मीठ?? बघते उद्या. थर आहे तर मग पॉलिश पेपरने घासून लगेच टाकलं तर चालेल ना, असं लेक विचारतेय.

परीक्षानळी:
छान विचारलंय तिने. लोखंडाला ते चालतं, खिळा घासून, तेल पुसून टाकला तर काम लवकर आणि सारखं होतं. अ‍ॅल्युमिनियमला उपयोग कमी, कारण घासलेल्या जागेवर नवा थर धरायला क्षणही लागत नाही, हात कागदावरून पाण्यापर्यंत जाईतो झालेला असतो. मिठातला क्लोराइड आयन वेगळं काम करतो, तो पाण्यात असतानाच थराला जागोजागी भोकं पाडतो आणि परत सांधू देत नाही.

भट्टीकर:
आमच्या प्लेटिंगच्या कामात हा थर म्हणजे रोजचं दुखणं आहे म्हणून लिहितो. अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टवर निकेल नाहीतर तांबं चढवायचं असेल तर तसंच टाकीत सोडून भागत नाही, चढलेलं सालीसारखं सुटून येतं. म्हणून आधी झिंकेट करतात, म्हणजे जस्त विरघळवलेल्या कडक अल्कलीत पार्ट बुडवायचा, ती अल्कली थर खाते आणि त्याच दमात अ‍ॅल्युमिनियम जस्ताला द्रावणातून बाहेर ओढतं, पार्टवर जस्ताचा पातळ राखाडी पापुद्रा बसतो. हे म्हणजे तुमच्या शाळेतलं विस्थापनच. चांगलं काम हवं असेल तर तो पहिला पापुद्रा नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये उतरवून परत झिंकेट करतात, दुसऱ्या वेळचा बारीक आणि सारखा बसतो. मग त्याच्यावर पुढचं प्लेटिंग.

आणि लोखंडाचं उलटं दुखणं. लोखंडी पार्ट सरळ मोरचुदाच्या अ‍ॅसिड टाकीत सोडला तर करंट चालू करायच्या आधीच तांबं बसायला लागतं, खिळ्यावर बसलं तसं. दिसायला सुंदर, बोटाने पुसलं तर निघतं. लेकीला खिळा कापडाने पुसून बघायला सांगा, बहुतेक कापडालाच लागेल तांबं. म्हणून आधी सायनाइडच्या टाकीत पातळ अस्तर देतात, तिथे तांब्याचे आयन सायनाइडने इतके घट्ट धरलेले असतात की लोखंडाला ते ओढून घेता येत नाहीत, करंटनेच बसतात.

निळाई:
वाचतेय. +१ परीक्षानळी मॅडम. आम्हाला नुसती पाठ करून घेतली होती श्रेणी, पोटॅशियम सोडियम कॅल्शियम करत करत सोन्यापर्यंत. पण ही श्रेणी ठरवली कुणी आणि कशी?

जुना_खिळा:
विस्थापनाचे प्रयोग करून करूनच ठरली. कोण कुणाला द्रावणातून हाकलतो हे जोडीजोडीने बघायचं आणि खालीवर लावायचं. रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय बेकेतोव्हने १८६५ मध्ये अशी सविस्तर विस्थापन श्रेणी मांडली. पण लोक ही गोष्ट वापरत होते त्याच्या कितीतरी आधीपासून. चीनमध्ये सोंग राजवटीत, म्हणजे अकराव्या शतकात, तांबं असलेल्या झऱ्यांच्या पाण्यात लोखंडाचे पत्रे ठेवून तांबं काढायचे, आणि तेही सरकारी पातळीवर. लोखंड बुडवलं की त्याच्या जागी तांबं मिळतं, त्यामुळे एका धातूचा दुसरा धातू झाला असंच किमयागारांना वाटायचं. तसं होत नाही हे वजन करून कळतं.

वजनावरून आठवलं, ज्यांच्याकडे बारीक वजनकाटा आहे त्यांनी खिळा आधी आणि नंतर तोलून बघा. लोखंडाचा एक अणू पाण्यात गेला की तांब्याचा एक बाहेर येतो, लोखंडाचा अणुभार ५५.८ आणि तांब्याचा ६३.५. म्हणजे ०.५६ ग्रॅम लोखंड गेलं तर जवळजवळ ०.६४ ग्रॅम तांबं बसतं, खिळा जड होतो. जस्ताचा अणुभार ६५.४ आहे त्यामुळे जस्ताची पट्टी उलट किंचित हलकी होते. दोन्हींवर बसलं तांबंच, पण एक जड आणि एक हलकी. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा काटा तीनदा शून्यावर आणून परत परत तोललं होतं मी, विश्वासच बसेना. फक्त तांब्याचा चुरा खाली गळू देऊ नका, तोही धरायचा आणि वाळवून मग तोलायचं.

ढगाळ:
पण मग मला एक कळत नाही. वरचा धातू खालच्याला हाकलतो म्हणायचं आणि अपवाद निघाला की थर होता म्हणायचं. असं तर कुठलाही नियम वाचवता येईल. श्रेणीचा उपयोग काय मग?

परीक्षानळी:
ढगाळ, शंका रास्त आहे. श्रेणी एवढंच सांगते की इलेक्ट्रॉन कुठून कुठे जायला तयार आहेत आणि किती जोराने. आता जस्त आणि तांबं घ्या, जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन होऊन पाण्यात जातो, तांब्याचा आयन तेच दोन घेऊन धातू होऊन बसतो, निळा रंग फिका होतो कारण निळा रंग तांब्याच्या आयनांचा. हा जोर मोजता येतो. हायड्रोजन शून्य धरला तर जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, तांबं अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०, आणि अ‍ॅल्युमिनियम उणे १.६६. दोघांतलं अंतर जितकं जास्त तितका जोर जास्त. डॅनियल या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये काय केलं, जस्त आणि तांबं वेगवेगळ्या द्रावणांत ठेवले, त्यामुळे इलेक्ट्रॉनना थेट उडी मारता येईना, तारेतून फिरून जावं लागलं, आणि झाला सेल. ०.३४ आणि ०.७६ मिळून १.१० व्होल्ट, डॅनियल सेलचा व्होल्टेज हाच. जी ऊर्जा सेलमध्ये बहुतेक वीज म्हणून मिळते ती ग्लासात नुसती उष्णता होऊन जाते. ५० मिली ०.२ मोलर मोरचुदात जस्ताची पूड जास्तीची टाकून ढवळलं तर तापमान साधारण १० अंशांनी चढतं, थर्मामीटर असेल तर नक्की बघा.

म्हणून थराचा मुद्दा पळवाट नाही. अभिक्रिया व्हायला तयार आहे का हा एक प्रश्न आणि ती किती वेगाने होईल हा दुसरा. श्रेणी पहिल्याचं उत्तर देते, दुसऱ्याबद्दल ती गप्प आहे. आणि थर आहे हे नुसतं म्हणायचं नाही, थर काढून दाखवायचा, म्हणूनच मीठ टाकायला सांगितलं. मीठ टाकूनही काही झालं नाही तर तुमचं बरोबर.

शिशाचंही असंच. श्रेणीत शिसं तांब्याच्या वर, पण मोरचुदात टाकलं की सुरुवात होते न होते तोच त्याच्यावर लेड सल्फेटचा न विरघळणारा पांढरा लेप बसतो आणि काम थंडावतं. तेच शिसं कॉपर नायट्रेटमध्ये टाका, चालू राहतं, कारण लेड नायट्रेट विरघळतं. शिसं विषारी आहे, हे घरी करू नका कुणी.

सोल्डर_गन:
माझा एक जुना घोळ आहे, तोही इथेच बसतो. तांबं लोखंडाच्या खाली, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात तांब्याला काही व्हायला नको. पण सर्किट बोर्ड बनवताना आम्ही तांब्याचा पत्रा फेरिक क्लोराइडमध्येच टाकतो आणि नको असलेलं तांबं साफ खाल्लं जातं! मग ते कसं?

परीक्षानळी:
कारण तिथे लोखंड धातू होऊन बाहेर येतच नाही. फेरिक म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड, त्याला फक्त एक परत हवा असतो, फेरस व्हायला, आणि तो एक घेण्याचा त्याचा जोर ०.७७ व्होल्ट, तांब्याच्या ०.३४ पेक्षा बराच जास्त. तांब्याचा एक अणू दोन फेरिक आयनांना एकेक इलेक्ट्रॉन देतो आणि विरघळतो. बोर्ड काढल्यावर बघा, द्रावण हिरवट झालेलं असतं, पण लोखंडाचा कणसुद्धा खाली पडलेला नसतो. श्रेणीत लोखंड म्हणून जी जागा आहे ती धातू आणि फेरस या जोडीची आहे. आणि याच कारणाने खिळ्याच्या ग्लासात फेरस सल्फेट होतं, फेरिक नाही. परीक्षेत इथे हमखास मार्क जातात.

सोल्डर_गन:
आता कळलं!! द्रावण काळपट हिरवं होताना इतकी वर्षं बघतोय, कधी डोक्यात आलं नाही.

निळाई:
मग सगळ्यात वर कोण, पोटॅशियम की लिथियम? मुलाच्या पुस्तकात पोटॅशियम आहे आणि व्होल्टच्या तक्त्यात लिथियम पहिलं.

परीक्षानळी:
दोन्ही बरोबर. व्होल्टमध्ये लिथियम उणे ३.०४, पोटॅशियम उणे २.९३, सोडियम उणे २.७१. लिथियमचा आयन इतका छोटा की पाण्याचे रेणू त्याला गच्च वेढतात आणि त्यात भरपूर ऊर्जा सुटते, म्हणून तो तक्त्यात वर. पण पाण्यात टाकल्यावर तो सोडियमपेक्षा सावकाश चालतो. सोडियम ९८ अंशांना वितळतं, पाण्यात पडलं की स्वतःच्याच उष्णतेने गोळी होऊन पळत सुटतं, नवा नवा पृष्ठभाग देत राहतं. लिथियमला वितळायला १८० अंश लागतात, ते घन राहूनच फसफसतं. पुस्तकातली श्रेणी पाण्यातला धडाका बघून लावलेली असते.

आणि कुणाच्या मनात येईल म्हणून सांगते, सोडियम मोरचुदात टाकलं तर तांबं मिळेल असं श्रेणीवरून वाटतं, ते मिळत नाही. सोडियम आधी पाण्यावरच तुटून पडतं, हायड्रोजन आणि सोडियम हायड्रॉक्साइड होतं आणि त्याने निळसर कॉपर हायड्रॉक्साइडचा साका बसतो. शिवाय पेट घेतं. लांबच राहा.

भट्टीकर:
सोडियमवरून, हे ऐकून बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही, पण कारखान्यात पोटॅशियम काढतात ते सोडियम वापरून. वितळलेल्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे ८५० अंशांना सोडियमची वाफ सोडतात आणि पोटॅशियम बाहेर पडतं. श्रेणीच्या अगदी उलट. पण त्या तापमानाला पोटॅशियम जास्त सहज वाफ होऊन वर निघून जातं, मागे फिरायला उरतच नाही, म्हणून अभिक्रिया पुढे पुढे सरकत राहते.

जुना_खिळा:
हे भारी आहे. याच्यावर वेगळा धागा काढा भट्टीकर.

वरच्या धातूने स्वतः झिजून खालच्याला वाचवायचं हेही याच श्रेणीतून आलं. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश जहाजांच्या बुडाला जे तांब्याचे पत्रे असायचे त्यांना जस्ताचे नाहीतर लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तांब्याचं झिजणं थांबलं, अगदी हिशोबाप्रमाणे. पण त्याने नवीनच अडचण झाली, तांबं विरघळत होतं म्हणून तर शंखशिंपले बुडाला चिकटत नव्हते, विरघळणं थांबल्यावर ते भराभर चिकटले आणि जहाजं मंदावली. मला हा किस्सा फार आवडतो, रसायनशास्त्र पूर्ण बरोबर होतं आणि तरी उपाय मागे घ्यावा लागला. हल्ली पोलादी जहाजांना जस्ताचे ठोकळे लावतात ते याच तत्त्वावर. गॅल्वनाइज्ड पत्र्याला ओरखडा पडला तरी लोखंड वाचतं, जस्त झिजतं. कथलाचा मुलामा असलेल्या डब्याला ओरखडा पडला तर उलट होतं, कथील लोखंडाच्या खाली म्हणून लोखंडच आधी जातं.

कातरवेळ:
केलं!!! सविस्तर लिहिते, लेक शेजारीच बसलीये आणि काय सुटलं ते सांगतेय.

आधी मिठाशिवायचा ग्लास परत लावला आणि शेजारी मिठाचा, फॉईल एकाच तुकड्यातून कापलेली. मीठ टाकल्यावर पाणी निळ्याचं जरासं हिरवट झालं. पहिला मिनिटभर काही नाही. मग फॉईलच्या कापलेल्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले, लेक म्हणाली आई कुणीतरी आतून कुरतडतंय. त्या ठिपक्यांतून बारीक बुडबुड्यांची रांग निघाली, ठिपके पसरून एकमेकांना मिळाले आणि फॉईलला चाळणीसारखी भोकं पडली. तिथून पुढे जे सुरू झालं ते बघतच राहिलो, तपकिरी लाल कापसासारखा चुरा सुटायला लागला, फॉईल वर येऊन तरंगायला लागली, ग्लास बाहेरून गरम. दहा मिनिटांत फॉईल अशी राहिलीच नाही, तळाला तांब्याचा गाळ, आणि पाणी आधीपेक्षा बरंच फिकं. आणि बिनमिठाचा ग्लास? अजून तसाच, चकचकीत.

वहीत तिने आधीचं वाक्य तसंच ठेवलंय. खाली नवीन लिहिलंय, "मीठ घातल्यावर झालं. म्हणजे थर होता." आणि तिचे दोन प्रश्न आहेत, मीठ संपलं का, आणि तांब्याला हाकललं तर बुडबुडे कशाचे, तांब्याचा तर गॅस नसतो.

परीक्षानळी:
वा! लेकीला माझी शाबासकी द्या. मीठ संपत नाही, क्लोराइड दार उघडून देतो आणि पाण्यातच राहतो, हिशोबात दोन अणू अ‍ॅल्युमिनियम जातात आणि तीन अणू तांबं येतं, बस. बुडबुडे हायड्रोजनचे. मोरचुदाचं पाणी मुळातच थोडं आम्लधर्मी असतं, आणि थर गेल्यावर उघडं पडलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजनच्याही खूप वर आहे, म्हणून ते तांब्याबरोबर हायड्रोजनलाही बाहेर काढतं. नुकतं बसलेलं तांबं त्याला चिकटून असतं, त्याच्या पृष्ठभागावर हे आणखी सोपं होतं. तिने मॅग्नेशियम बघितलं असतं तर तिथेही असेच बुडबुडे दिसले असते.

आता उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, तांबं माशांना आणि पाण्यातल्या जिवांना फार वाईट. सगळे ग्लास एका जुन्या बरणीत ओता आणि त्यात भांडी घासायच्या लोखंडी काथ्याचा गोळा टाकून रात्रभर ठेवा. साध्या लोखंडाचा हवा, स्टेनलेसचा नको, त्याच्यावरही क्रोमियम ऑक्साइडचा तसाच थर असतो. निळा रंग गेला की तांबं काथ्यावर बसलं समजा, मग ते गाळून घ्या आणि भरपूर पाण्याबरोबर ओता.

कातरवेळ:
ठेवला काथ्या. काल रात्री निळं होतं, सकाळी निळा पूर्ण गेलाय आणि काथ्या लालबुंद तांब्याचा झालाय, बोट लावलं की चुरा होतो. पण पाणी स्वच्छ नाही झालं, पिवळट तपकिरी गढूळ दिसतंय. बिघडलं का काही?

परीक्षानळी:
काही बिघडलेलं नाही. ते तुमचं लोखंड, फेरस होऊन पाण्यात गेलेलं, आता हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक व्हायला लागलंय, गढूळपणा त्याचा. सोल्डर_गनना विचारा, ओळखीचं आहे त्यांच्या.

सोल्डर_गन:
हो, रंग बघूनच ओळखलं :)